पाणी खयपर्यंत इला?

पहिला फोटो मी आईला मोठ्या तोऱ्यात दाखवला. वेंगुर्ल्याच्या बंदरावरचा नोव्हेंबरातला सूर्यास्त. तांबूस झालेलं पाणी, मधोमध तो गोळा, कडेला एका होडीची काळी आकृती. आईने चष्मा नाकावर सरकवला, फोन हातभर लांब धरला, पुन्हा जवळ घेतला आणि म्हणाली, "सूर्य बुडलो. मगे?"

त्या 'मगे'चं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते मिळवायला मला सगळा हिवाळा लागला.

तुळशीचं लग्न झालं आणि दोनच दिवसांनी आई न्हाणीघराच्या ओल्या पायरीवरून घसरली. घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर, सहा आठवडे पाय जमिनीला लावायचा नाही, नंतर वॉकर. माझं काम लॅपटॉपवरचं, पुण्यात काय आणि इथं काय. मी दोन बॅगा भरून आले. घरातलं सगळं जमलं. स्वयंपाक, औषधं, अंगण झाडणं. जमली नाही ती एकच गोष्ट. आईची संध्याकाळ.

गेली कित्येक वर्षं ती संध्याकाळी बंदरावर जात आली आहे. हवा खायला नव्हे. ती बघायला जाते. काय, ते तिने कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. आता पाय स्टुलावर ठेवून ती पडवीत बसायची, आणि साडेपाच वाजले की तिची चुळबूळ सुरू व्हायची. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "जावन बघून ये."

"काय बघू?"

"दर्यो."

म्हणून फोटो. २१ नोव्हेंबर ते १ मार्च. एकशे एक दिवस झाले, त्यातले पाच चुकले. फोटो शहाण्णव दिवसांचे आहेत.

पहिला आठवडा माझ्या फोनमध्ये सूर्यच सूर्य होते. थोडा मोठा, थोडा लहान, ढगाआडचा, होडीआडचा. क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत त्याला सव्वादोन-अडीच मिनिटं लागतात. तेवढ्यात धक्क्यावरचे सगळे पर्यटक फोन उंच करतात, शेवटची कड गेली की कोणी टाळ्या वाजवतं, आणि लगेच गाड्या सुरू झाल्याचे आवाज येतात. मीही त्यांच्यातलीच. घरी आले की आईची सरबत्ती सुरू. पाणी खयपर्यंत इला? होडये किती हत? वारो खयचो? मी फोटो मोठा करून करून त्यात उत्तरं शोधायची. सापडायची नाहीत. सूर्य उजळ यावा म्हणून मी बाकी सगळं काळं करून टाकलेलं असायचं. होड्या होत्या, पण सावल्यांच्या. पाणी होतं, पण नुसतं सोनेरी. सोन्याला भरती-ओहोटी कुठून असणार?

आठव्या दिवशी मी जागा ठरवली. धक्क्याच्या पायऱ्यांजवळ होड्या बांधायचा एक गंजका लोखंडी खुंट आहे. त्याच्यावर कोपर टेकवायचं, समोरचं खडप चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात घ्यायचं, आणि घड्याळात सहा वाजले की फोटो काढायचा. सूर्य चौकटीत आला तर आला. जागा तीच, वेळ तीच, चौकट तीच. मग जे बदलेल ते दर्याचं, माझ्या हौसेचं नव्हे.

ह्याने फोटो एकदम कंटाळवाणे झाले, आणि आई ते लक्ष देऊन बघू लागली.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ते सुरू केलं. मला आठवतं तेव्हापासून आमच्या घरी दुधाचा हिशोब, सिलिंडर लावल्याची तारीख आणि कोंबडी खुडूक बसल्याची नोंद त्याच्या चौकटींत होते. आईने ते पडवीत आणायला लावलं. माझा फोटो बघायच्या आधीच ती तिथीवर बोट ठेवायची आणि सांगायची, "आज अष्टमी. खडप दिसाचा नाय." मी फोन पुढे करायची. खडप नसायचं. पाण्याखाली.

हिशोब साधा आहे, कोकणातल्या जुन्या माणसांच्या तोंडी असतो. तिथीची पाऊणपट केली की त्या दिवशीच्या भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. गावागणिक थोडं पुढेमागे होतं, पण ठोकताळा चुकत नाही. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरते. त्यामुळे घड्याळाचे सहा धरून बसलेल्या माझ्या खुंटावरून दर पंधरा दिवसांनी तेच पाणी परत दिसत होतं. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाणाची भरती दुपारीच येऊन गेलेली असते. संध्याकाळी सहाला सुकती. पाणी लांब गेलेलं, खडप पायथ्यापर्यंत उघडं, त्यावर कालवांचे पांढरे ओरखडे आणि हिरवट शेवाळ. अष्टमीला पाणी वर, पण ते भांगाचं, बिनजोराचं. मी फोनवर सगळे फोटो लहान करून एका रांगेत लावले. खडप हळूहळू वर आलं, हळूहळू बुडालं, पुन्हा वर आलं. एकेका फोटोत जे नव्हतं ते रांगेत होतं.

आई म्हणाली, "ह्या माका म्हायत होता." खरंच होतं. मला माहीत नव्हतं. पाचवी-सहावीच्या भूगोलात मी हे पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, आणि पन्नाशीला येऊन ते पहिल्यांदा बघितलं.

तसंच दिवसांचं. २२ डिसेंबरच्या आसपास सगळ्यांत लहान दिवस, हेही पाठच. म्हणजे त्या दिवशी सूर्य सगळ्यांत लवकर मावळणार, असं मी गृहीत धरलेलं. माझे फोटो वेगळंच सांगू लागले. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सहाच्या ठोक्याला सूर्य बुडत होता. डिसेंबरच्या मध्यावर त्याच ठोक्याला तो क्षितिजापासून बोटभर वर होता. २१ डिसेंबरला मावळायला सहा वाजून नऊ मिनिटं झाली. संक्रांतीला सव्वासहा उलटून गेले. मला आधी फोनच्या घड्याळाचाच संशय आला. पण फोन बरोबर होता. पृथ्वीची कक्षा थोडी लंबगोल आणि तिचा आस कललेला, म्हणून घड्याळाची दुपार आणि सूर्याची दुपार वर्षभर एकमेकींच्या पुढेमागे होत राहतात. डिसेंबरात सूर्याची दुपार रोज थोडी उशिरा होत जाते. त्यामुळे आपल्याकडे सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस होतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला, वेंगुर्ल्यात सातनंतर सहा-सात मिनिटांनी. संध्याकाळ लांबू लागते तेव्हा सकाळ अजून आळसच देत असते.

जागाही बदलत होती. समोर पश्चिमेला, निरभ्र दिवशी, वेंगुर्ला रॉक्सचे खडक क्षितिजावर ठिपक्यांसारखे दिसतात. तिथे दीपगृह आहे, आणि पाकोळ्या घरटी करतात त्या गुहा. हिवाळ्यात सूर्य त्यांच्या पार डावीकडे, दक्षिणेला उतरतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो रोज आणखी डावीकडे सरकला, मग चार-सहा दिवस जागच्या जागी थांबल्यासारखा वाटला, आणि परत फिरला. हात लांब करून मूठ आडवी धरली तर तिच्या रुंदीत क्षितिजाचे साधारण दहा अंश मावतात. नाताळापासून १ मार्चपर्यंत सूर्य माझ्या दीड मुठीहून थोडा जास्त उजवीकडे आला. दीड मूठ! तेवढ्यात आंब्याचा मोहोर येऊन कैऱ्या धरल्या, पाहुणे पक्षी जायच्या तयारीला लागले आणि आईचं हाड जुळलं.

सकाळची फेरी मी माझ्याकडून जोडली. वेंगुर्ल्याची थंडी पुण्याच्या माणसाला हसू यावं इतपतच असते. पारा पंधराच्या खाली क्वचितच जातो. पण कानटोप्या निघतात, आणि न्हाणीच्या चुलींचा धूर सकाळी वर जायचा सोडून माडांच्या शेंड्यांखाली आडवा पसरून राहतो. जमिनीलगतची हवा गार, वरची तुलनेने ऊबदार. मधे जणू झाकण बसतं आणि धुराला वाट राहत नाही. त्या धुरातून कौलांवर पडलेलं पहिलं ऊन मी किती वेळा टिपलं असेल. तीच वेळ मतलईची. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते म्हणून पहाटे वारा जमिनीकडून दर्याकडे जातो, आणि दुपारी जमीन तापली की उलटा, खारा वारा आत येतो. शिडाच्या होड्यांचा सगळा संसार ह्या दोन वाऱ्यांवर चालायचा. पहाटे मतलईने बाहेर, दुपारी खाऱ्या वाऱ्याने घरी. आता इंजिनं आहेत. तरी सकाळी शेजारच्या उभ्यादांड्याच्या वाळूवर पाठीवर जो गार हात पडतो तो मतलईचाच. "वारो खयचो?" ह्या प्रश्नाला मी तेव्हापासून न चुकता उत्तर देऊ लागले.

उभ्यादांड्याला एका सकाळी रापण लागली होती. होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ काढून आली होती. दोरीचं एक टोक इकडे, दुसरं शंभर-दीडशे पावलांवर, आणि दोन्हीकडे माणसांच्या रांगा मागे मागे चालत दोरी ओढत होत्या. ओढत ओढत दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात, जाळ्याचं वर्तुळ लहान होत जातं. ऊन तिरपं, पायांच्या सावल्या ओल्या वाळूवर लांबलचक. असा फोटो मला पुन्हा मिळणार नव्हता. मी गुडघ्यावर बसले. तेवढ्यात रांगेच्या टोकाचा म्हातारा तांडेल मागे न वळताच म्हणाला, "ताई, फोटो मगे काढा. आधी दोरयेक हात लावा."

मी फोन कमरेला खोवला. दोरी ओली, खरखरीत आणि माझ्या कल्पनेपेक्षा कितीतरी जड. पाण्याचं वजन, जाळ्याचं वजन, आणि आतल्या मासळीचं. ते अजून कोणालाच ठाऊक नसतं. पाऊण तास ओढली. जाळं वर आलं तेव्हा त्यात फारसं काही नव्हतं. तारली, थोडी पेडवी, एक चुकार मोरी, बाकी जेली आणि कचरा. सगळे क्षणभर गप्प झाले आणि लगेच कामाला लागले. रापणीत वाटे असतात, जाळ्याचा, होडीचा आणि ओढणाऱ्या माणसांचा. दोरीला हात लावला त्याला मोकळ्या हाताने पाठवत नाहीत. मला पिशवीत आठ तारली मिळाल्या. तळहात सोलले होते, फोनच्या काचेवर बोट टेकवत नव्हतं. त्या दिवशी फोटो नाही. आईने आठ तारली मोजल्या, आणि कालनिर्णयाच्या चौकटीत बारीक अक्षरात लिहिलं, 'रापण. तारली ८. मासळी नाय.'

ती चौकटीत लिहू लागली ती त्या दिवसापासून. मी फोटो दाखवायची आणि ती त्यातलं वाचून दोन-तीन शब्द टिपून ठेवायची. 'पाणी सुकलेला.' 'होडये ५.' 'धुकां, मोहर करपात.' मोहोर येतो तेव्हा थंडी हवी, पण धुकं आणि मळभ नको. तुडतुडे वाढतात, भुरी धरते. माझ्या ज्या फोटोला पुण्यातल्या मैत्रिणींनी सगळ्यांत जास्त वाखाणलं, माडांच्या रांगेवर दुधासारखं उतरलेलं धुकं, त्याच्याखाली आईची ही नोंद आहे.

हळूहळू मी सूर्याकडे पाठ करायला शिकले. तो मावळत असताना त्याचा उजेड जिथे पडतो तिकडे बघायचं. धक्क्यावर जाळी विणत बसलेल्या माणसाच्या बोटांवर. वाळूवर सुकत घातलेल्या बांगड्यांच्या चंदेरी पोटांवर. मासळीच्या टोपलीवर झाकलेल्या ओल्या गोणपाटावर. सूर्य खाली गेला की त्याच्या किरणांना हवेचा जाड थर तिरका कापत यावं लागतं, वाटेत निळा रंग विखरून जातो, उरतो तो पिवळा-तांबडा आपल्यापर्यंत पोचतो. ह्या उजेडात कोणतीही भिंत श्रीमंत दिसते. आणि तो गेल्यावर, गाड्या निघून गेल्यावर, पंधरा-वीस मिनिटांनी आभाळ जे करतं ते बघायला धक्क्यावर आम्ही तिघंच असायचो. मी, गळ टाकून बसलेला एक पोरगा आणि एक कुत्रा.

हिवाळा म्हणजे जत्रांचा मोसम. कार्तिकापासून गावोगाव दहीकाले होतात आणि रात्रभर दशावतार चालतो. एकदा सकाळी मासळी बाजारात मला एक माणूस दिसला. लुंगी, मफलर, हातात कापडी पिशवी, सौंदाळ्याच्या भावावरून घासाघीस चाललेली. कानामागे लाल रंगाचा एक ओघळ आणि डोळ्यांच्या कडांना काजळ राहिलेलं. रात्री तो राजा होता. दशावतारी आपला रंग आपणच रंगवतात, आपणच पुसतात, आणि पुष्कळजण सकाळी शेतात किंवा कामावर हजर असतात. विचारून फोटो काढला. त्याने पिशवी खाली ठेवली, मफलर नीट केला आणि क्षणभर राजासारखा उभा राहिला. मग म्हणाला, "आता भाव कमी करूचे नायत हे." आईला हा फोटो फार आवडला. तिने सौंदाळ्याचा भाव विचारला.

फोटोंची अशी चैन आमच्या घराला नवी आहे. माझ्या आजीचा फोटो एकच. तोही लग्नातल्या घोळक्यात मागे उभी असलेली, चेहऱ्यावर कोणाच्या तरी खांद्याची सावली. गंमत अशी की ह्याच किनाऱ्यावरच्या माणसांनी फोटोचं तंत्र फार लवकर हाती घेतलं होतं. इथून दक्षिणेला निघालं, शिरोडा-रेडी मागे टाकून तेरेखोलची खाडी ओलांडली की पेडणे तालुक्यात मांद्रे लागतं. डॉ. भाऊ दाजी लाडांचं ते गाव. त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी १८५०च्या दशकात मुंबईत कॅमेरा चालवत होते. मुंबईतली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. फोटो नावाची गोष्ट जगाला माहीत होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. तरी शंभर वर्षांनंतरही माझ्या आजीच्या वाट्याला अर्धा चेहरा आला.

शब्दांच्या बाबतीत आमचा तालुका श्रीमंत. आरती प्रभू आणि मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्यात जन्मले, जयवंत दळवी आरवलीचे, आणि वि. स. खांडेकरांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केली. इथली माणसं, वेताळ, बाव आणि माड मराठी वाचकाने न बघता ओळखले आहेत. चित्र मात्र प्रत्येकाने आपल्या मनात काढायचं. कदाचित तेच बरं झालं.

आईच्या मनातलं चित्र मला एका संध्याकाळी दिसलं. जानेवारी होता, प्लॅस्टर निघालं होतं, वॉकर घेऊन ती पडवीत चार पावलं चालायची. फोटोत समुद्र अगदी रिकामा. एक होडी नाही, पक्षी नाही. मी म्हटलं, आज काहीच नाही. तिने त्या रिकाम्या पाण्यावर बोट ठेवलं. "हयसर बोट उभी ऱ्हवायची."

मुंबईहून येणारी आगबोट. पावसाळ्यात बंद असायची, दर्या निवळला की सुरू व्हायची. वेंगुर्ल्याला ती धक्क्याला लागत नसे. आत पाण्यात नांगर टाकायची आणि माणसं, ट्रंका, फणस, कोंबड्या सगळं होड्यांतून ने-आण व्हायचं. आई लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईला गेली ती अशीच. होडीतून बोटीच्या शिडीवर पाय टाकताना लाट खाली गेली, आणि एका खलाशाने तिला दंडाला धरून वर ओढलं. माझे वडील आधीच वर चढून ट्रंक सांभाळत उभे होते. "तेंका ट्रंकेची काळजी," असं म्हणून ती इतकी हसली की वॉकर हलला. ती गोष्ट मी ऐकली नव्हती. बोटीचा मार्ग बंद पडून किती वर्षं झाली. माझ्या फोटोत जे रिकामं होतं ते तिच्यासाठी भरलेलं होतं. रोज संध्याकाळी ती बंदरावर जाऊन काय बघते ह्याचा थोडा अंदाज मला तेव्हा आला.

आणखी एका रिकाम्या जागेबद्दल तांडेलाने सांगितलं. फेब्रुवारीतल्या एका रात्री मी क्षितिजावरचे दिवे टिपले. काळोखात पांढऱ्या-हिरव्या उजेडाची लांबच लांब माळ, खाली पाण्यात तिचे थरथरते धागे. एखादं शहरच दर्यात उतरल्यासारखं. सकाळी उभ्यादांड्याला मी तो फोटो कौतुकाने दाखवला. तांडेलाने बघितला, फोन परत दिला.

"तुमका दिवाळी दिसता, आमका शिमगो."

ते प्रकाशझोताने मासे ओढणाऱ्या बोटींचे दिवे होते. उजेडाला मासळी गोळा होते आणि मोठ्या जाळ्यात थव्याचा थवा एका वेळी उचलला जातो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये अशा मासेमारीवर बंदी घातली. तरी दिवे दिसतात. किनाऱ्याला येणारा थवा तिकडे उचलला गेला की इकडे चाळीस माणसं दोरी ओढून आठ तारली वर काढतात. माझे सोललेले तळहात आणि तो सुंदर फोटो एकाच गोष्टीची दोन टोकं होती. फोटो मी पुसला नाही. आईने त्या दिवशीच्या चौकटीत लिहिलं, 'दिवे खूप.' पुढे काही नाही.

हिवाळा संपतोय हे मला पक्ष्यांच्या डोक्यांवरून कळलं. नोव्हेंबरात आलेल्या कुरवांची डोकी पांढरी होती, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. पुष्कळसे तपकिरी डोक्याचे कुरव, लडाख आणि मध्य आशियाच्या उंच पठारांवरच्या तळ्यांकाठी वीण करणारे. नावात तपकिरी डोकं असलं तरी ते विणीच्या काळातलं. हिवाळ्यात आमच्याकडे येतात ते पांढऱ्या डोक्याने. फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात फोटो मोठे करताना मला काहींची डोकी मळल्यासारखी दिसू लागली. आठवड्याभरात मळ पसरला, गडद झाला, तपकिरी टोपडं चढलं. म्हणजे निघायची तयारी. एव्हाना काजूच्या फांद्यांना लाल-पिवळी बोंडं दिसत होती. इथल्या फळ संशोधन केंद्रात निघालेल्या काजूच्या जातींना वेंगुर्ल्याचंच नाव आहे. संध्याकाळी सहाला ऊन अजून कडक असायचं आणि खारा वारा अंगाला चिकटायचा. सूर्य बुडायला आता पावणेसात वाजायला आले होते. माझा सहाचा फोटो दिवसाउजेडीचा झाला होता.

१ मार्चला आई रिक्षाने बंदरावर आली. वॉकर नव्हता, हातात काठी. मी तिला माझा खुंट दाखवला. कोपर कुठे टेकवायचं, खडप कुठल्या कोपऱ्यात घ्यायचं, सगळं. तिने ऐकून घेतलं आणि तिथून वीसेक पावलं पुढे जाऊन पायऱ्यांच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली. तिची जागा ती होती. तिथून खडप दिसत नाही. तिथून माझा खुंट मात्र दिसतो, त्याच्यामागे होड्या येतात ती वाट, आणि डावीकडे ती बोट उभी राहायची ते पाणी. एकशे एक दिवस मी तिच्यासाठी भलत्याच जागेवरून बघत होते. ती हे कधी बोलली नव्हती.

आता मी पुण्यात आहे. आईचा फोन साधा, बटणांचा, त्यात फोटो येत नाहीत. ती बंदरावरून परतली की सातच्या सुमारास फोन करते. तिचे तीन-चार शब्द असतात, कधी पाच. मी इथल्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलं आहे आणि त्या तारखेच्या चौकटीत ते शब्द तसेच लिहून ठेवते. कालची नोंद अशी आहे: पाणी पायऱ्येपर्यंत. होडये ३. वारो खारो. बांगडो नाय.